नळ एक, भाव दोन

मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, नाशिकमधल्या एकाच दुकानातून, एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा, मान वळणारा सिंकचा नळ ढुंढिराज क्षेमकल्याणी यांनी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तीन हजार चारशे नव्वद रुपयांना घेतला; आणि त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वाल्मीक थेटे यांच्या घरी तोच नळ त्याच दिवशी, दुपारी चार वाजून पाच मिनिटांच्या बिलाने, दोन हजार सातशे चाळीस रुपयांना आला.

ढुंढिराजांनी दोन्ही बिले ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून तपासली. मॉडेल क्रमांक तोच. कराचा दर तोच. काउंटर क्रमांक तीन, दोन्हीकडे. वेळ सोडली तर वेगळे होते ते फक्त दोन: नाव आणि रक्कम.

ढुंढिराजांची बत्तीस वर्षे अंबडच्या एका कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करण्यात गेली होती. म्हणजे इतर लोक मोजपट्टीने वस्तू मोजत, आणि ढुंढिराज त्या मोजपट्टीला मोजत. अशा माणसासमोर साडेसातशे रुपयांचा फरक कारणाविना ठेवणे हा एक प्रकारचा उपमर्द होता. त्यातून तो ठेवणारे वाल्मीकराव होते.

"बघा सायेब, तुमचाच नळ," वाल्मीकराव म्हणाले. "तुमच्याकडं बघितला अन् आमच्या मंडळींना आवडला. आता भाव बघा."

"हा भाव कसा मिळाला?"

"कसा म्हंजे? नाव सांगितलं आपलं, दिला."

त्या वेळी सिंकखाली प्लंबर मंगळू उताणा झोपलेला होता आणि नव्या नळाच्या आट्यांवर गुंडाळण्यासाठी पांढरी टेप दातांनी तोडत होता. ढुंढिराजांनी बिल उलटून मागची बारीक अक्षरे वाचली. 'बसवलेल्या वस्तूबाबत कोणतीही तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही.'

"मंगळू, थांब."

"थांबतो ना सायेब," सिंकखालून आवाज आला. "पर जुना नळ सोडवताना मोडला. त्यो आता बसायचा नाय."

"पाइपाला बूच लाव."

"बूच लावतो. मंग सैपाक?"

"सैपाकाचं आम्ही बघू," ढुंढिराज म्हणाले. सुधाबाई शेजारीच उभ्या होत्या. 'आम्ही' या शब्दात कोण कोण येते, याचा त्या विचार करत असाव्यात. मंगळूने बूच लावले, मजुरी घेतली आणि भाच्याच्या लग्नासाठी तो हरसूलला निघून गेला. नवा नळ खोक्यात परत गेला.

इथे वाल्मीकरावांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे; वैर म्हणून नव्हे, केवळ निरीक्षण म्हणून. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मळा होता, त्यात मेथी, शेपू आणि झेंडू होत. ढुंढिराज लिफ्टमध्ये असताना ती दोनदा अडकली होती. वाल्मीकराव असताना एकदाही नाही. वाहनतळात सावलीची जागा एकच होती आणि ती चिठ्ठ्या टाकून वाल्मीकरावांना मिळाली होती. चिठ्ठ्या ढुंढिराजांनीच, कोणावरही अन्याय होऊ नये म्हणून, समान आकाराच्या कापल्या होत्या. मत्सर या राशीचे एकक विज्ञानाने अद्याप ठरवलेले नाही. ठरवले असते तर ढुंढिराजांना स्वतःचे मापन करून ते दुर्लक्षणीय असल्याचे दाखवता आले असते.

पण खरी जखम नळाची नव्हती. आठवड्यापूर्वी जिन्यात, स्वतःच्या कानांनी, ढुंढिराजांनी सुधाबाईंना वाल्मीकरावांना विचारताना ऐकले होते, की पाणी शुद्ध करायचे यंत्र कोणते घ्यावे. एकतीस वर्षांच्या संसारात घरातल्या खरेदीचा प्रश्न दुसऱ्या पुरुषाला विचारला गेल्याची ही पहिली घटना. त्या यंत्राविषयी ढुंढिराजांकडे चौदा मुद्द्यांचे उत्तर तयार होते. विचारणारे माणूस तेवढे खालच्या मजल्यावर गेले होते. आता त्याच वाल्मीकरावांनी तोच नळ साडेसातशेने स्वस्त आणला. उद्या सुधाबाई पंखाही त्यांनाच विचारून घेणार, परवा गाद्या. तेव्हा हे साडेसातशे परत मिळवणे किंवा निदान ते का गेले हे शोधून काढणे प्राप्त होते. शास्त्रीय कुतूहल म्हणून.

दुकान मोठे होते. घरबांधणीचे आणि घरदुरुस्तीचे सगळे एका छपराखाली. इतके मोठे, की फरशीच्या विभागात हरवलेला माणूस रंगांच्या विभागात सापडे. दारावर फलक होता: 'इतरत्र कमी भाव दाखवा, आम्ही तोच भाव देऊ.' मंगळवारी सकाळी ढुंढिराजांनी तो वाचला होता आणि स्मित करून ते आत गेले होते. पुराव्याविना केलेल्या दाव्यांकडे पाहून स्मित करण्याची त्यांची जुनी सवय होती. बुधवारी त्यांनी तो फलक गंभीरपणे वाचला.

ग्राहक सेवेच्या काउंटरवर वेदिका नावाची मुलगी होती. "सर, मी आपली काय मदत करू?"

ढुंढिराजांनी दोन्ही बिले मांडली. "हा तुमचा फलक. हा कमी भाव. मी दाखवला. आता तोच भाव मला द्या."

वेदिकाने बिले पाहिली. "सर, पण हे दुसरं बिलही आमचंच आहे."

"अर्थात."

"फलकावर 'इतरत्र' लिहिलंय सर. आम्ही इतरत्र नाही."

"म्हणजे दुसऱ्या दुकानाने कमी भाव लावला तर तुम्ही द्याल, आणि तुम्हीच लावला तर देणार नाही?"

"आम्ही आमच्याशी स्पर्धा करत नाही सर," वेदिका नम्रपणे म्हणाली.

या युक्तिवादात ढुंढिराजांना तार्किक दोष सापडला नाही, आणि त्याचाच त्यांना अधिक राग आला. "मग थेट्यांना हा भाव का दिला, एवढं सांगा."

"दुसऱ्या ग्राहकाची माहिती आम्हाला देता येत नाही सर."

तिने एक छापील अर्ज पुढे केला; त्यावर अटी होत्या. दुसऱ्या दुकानाचे लेखी दरपत्रक हवे. दुकान नाशिक शहरातले हवे. त्यावर त्यांचा जीएसटी क्रमांक हवा. मॉडेल अक्षर न् अक्षर तेच हवे. माल त्यांच्याकडे शिल्लक असल्याचा शेरा हवा. आणि हे सर्व आपल्या बिलापासून सात दिवसांच्या आत. ढुंढिराज स्कूटरपाशी पोचण्याआधीच मोबाइलवर संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या.' त्यांनी विचार करून दीड दिला. यंत्राने फक्त पूर्णांक स्वीकारले जातील असे कळवले.

घरी स्वयंपाकघर कोरडे पडले होते. सुधाबाई न्हाणीघरातून बादलीने पाणी आणत होत्या. दुसऱ्या दिवशी वाल्मीकरावांच्या पत्नी गोजराबाई वर आल्या, बुचाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "वहिनी, हे काय गं बाई. आमच्याकडं या ना भांडी घ्यून. नळ हाय, पाणी हाय, गप्पा बी होत्यात."

सुधाबाई गेल्या. त्या दिवसापासून ढुंढिराजांच्या घरचे तांदूळ खालच्या मजल्यावर, दोन हजार सातशे चाळीस रुपयांच्या नळाखाली धुतले जाऊ लागले. भात मऊ आणि मोकळा होत होता. ढुंढिराजांनी त्यावर कोणतेही मत दिले नाही. वरण मात्र मागून घेतले.

बातमी इमारतभर झाली. सोसायटीचे सेक्रेटरी सुनील, जे विमा विकत आणि त्यामुळे मनुष्यस्वभाव जाणत, गॅलरीत गाठून म्हणाले, "काका, मी काय म्हणतो, त्या दिवशी तुमच्या पायात काय होतं?"

"बूट."

"पॉलिश केलेले?"

"अर्थात."

"झालं तर मग. हे लोक पाय बघतात आधी. बूट दिसले की पूर्ण भाव. वाल्मीकअण्णांच्या पायात काय असतं, कधी बघितलंत?"

ढुंढिराजांना हे गृहीतक हास्यास्पद वाटले. पण हास्यास्पद गृहीतकही चाचणीविना फेटाळणे अशास्त्रीय असते. गुरुवारी ते न्हाणीघरातल्या रबरी चपला घालून, तोच शर्ट आणि तीच विजार ठेवून (बदल एका वेळी एकच असावा) दुकानात गेले. दारावरचा सुरक्षारक्षक अदबीने पुढे झाला. "मजुरांची आत जायची वाट मागून आहे, बाबा." ढुंढिराजांनी ग्राहक असल्याचे सांगितले, आत जाऊन नळाचा भाव विचारला. तीन हजार चारशे नव्वद. चपलांचा परिणाम शून्य. चपलांचा रक्षकावरील परिणाम त्यांनी प्रयोगाच्या कक्षेबाहेर धरला.

दुसरे गृहीतक भाषेचे होते. वाल्मीकराव जगातल्या प्रत्येक स्त्रीला ताई आणि प्रत्येक पुरुषाला भाऊ म्हणत, आणि जग त्यांचे काम करी. ढुंढिराजांनी आयुष्यात कोणत्याही दुकानात कोणाशी नाते जोडले नव्हते. त्याच भेटीत त्यांनी घसा साफ केला आणि वेदिकाला म्हणाले, "ताई, जरा पाहता का काही जमतं का."

तेवीस वर्षांच्या वेदिकाने क्षणभर त्यांच्याकडे, मग त्यांच्या चपलांकडे पाहिले, आणि तिचा स्वर एकदम हळवा झाला. "कागद आणा ना आजोबा. मी लगेच करून देते."

कालपर्यंत ते सर होते. भाव मात्र हलला नव्हता.

शुक्रवारी त्यांनी मेथीचे गृहीतक तपासले. वाल्मीकरावांनी दुकानाच्या व्यवस्थापकाला मळ्यातल्या जुड्या पोचवल्या असणार, ही शंका त्यांना रात्रंदिवस कुरतडत होती. मेथी दिली तर कोणाच्या चेहऱ्यावर काही ओळखीचे भाव उमटतात का, एवढेच पाहायचे होते. त्यांनी बाजारातून दोन जुड्या घेतल्या आणि पिशवीतून नेल्या.

"आत नेताना याचं बिल लागेल," रक्षक म्हणाला.

"मेथीचं?"

"बाहेर जाताना कोणी म्हणालं की मेथी आमच्याकडून उचलली, तर तुम्ही काय दाखवणार?"

"तुमच्या दुकानात मेथी मिळते का?"

"तो प्रश्न नाही, बाबा. नियमाचा प्रश्न आहे."

अखेर रक्षकाने तोडगा काढला. दोन्ही जुड्यांना एकेक गोल चिकटपट्टी लावली: 'तपासले'. व्यवस्थापक त्या दिवशी मुंबईला बैठकीस गेले होते. ढुंढिराज तपासलेली मेथी घेऊन घरी आले. सुधाबाईंनी पट्ट्या काढल्या आणि जुड्या निवडायला खाली नेल्या. तासाभराने खालून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज आला. वाल्मीकरावांच्या घरात हसणेही भरपूर होते. हे ढुंढिराजांच्या लक्षात यापूर्वीही आले होते.

शनिवारी दरपत्रकाचा शोध सुरू झाला. पहिल्या दुकानात हा नळ नव्हता. दुसऱ्यात होता, पण जीएसटी क्रमांकाचे नाव काढताच मालकाला आतून फोन आला. तिसऱ्याने कमी भावाचे दरपत्रक दिले, पण आधी काहीतरी घ्या म्हणाला. ढुंढिराजांनी टेपची पाच रिळे आणि उंदरांचा एक पिंजरा घेतला, आणि घरी आल्यावर दिसले, की मॉडेलपुढचे 'सी' हे अक्षर लिहायचे राहिले आहे. उंदीर घरात नव्हते.

चौथे दुकान मेन रोडवरचे, जुने, अरुंद. मालकाने वर न पाहता भाव सांगितला. "दोन हजार सातशे चाळीस."

ढुंढिराज थबकले. आकडा रुपयान् रुपया जुळत होता. असा आकडा योगायोगाने जुळणे संभवत नाही, हे ओळखण्याइतके संख्याशास्त्र त्यांना येत होते. त्यांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष असा होता, की वाल्मीकरावांची मेन रोडवरही ओळख आहे.

"एवढं लिहून द्या."

"घ्यायचाय का?"

"नाही. घेतलेला आहे."

"मग लिहून कशाला?" मालकाने आता वर पाहिले. "भाव मी तोंडाने सांगतो. कागदावर सांगितलेला भाव दुसऱ्याच्या दुकानात चालत जातो."

संध्याकाळी हे ऐकून सुधाबाई म्हणाल्या, "देतात ते लिहून. नीट मागितलं तर."

"सुधा, हा मागण्याचा प्रश्न नाही. पद्धतीचा प्रश्न आहे."

"बरं," सुधाबाई म्हणाल्या आणि तांदूळ घेऊन खाली गेल्या.

सोमवारी ढुंढिराजांनी पुन्हा तिसरे दुकान गाठले, 'सी' लिहून घेतला, शिल्लक मालाचा शेरा घेतला, आणि कृतज्ञता म्हणून आणखी एक पिंजरा घ्यावा लागला. मंगळवार हा सातवा दिवस. नळाचा खोका आणि कागदांची फाईल दोन्ही सांभाळून स्कूटर चालवणे शक्य नव्हते, म्हणून फाईल धरायला सुधाबाई मागे बसल्या. ढुंढिराजांच्या पायात पुन्हा बूट होते. आज त्यांना सिद्ध करायचे होते, आणि ते सुधाबाईंसमोर सिद्ध होणार होते, हेही काही वाईट नव्हते.

ते काउंटरवर पोचले. वेदिकाने मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला. ढुंढिराजांनी घसा साफ केला. पण ती त्यांच्या खांद्यावरून मागे पाहत होती.

"काकू, तुम्ही. त्या दुसऱ्या काकूंचा नळ बसला का हो नीट?"

"बसला गं. छान बसला," सुधाबाई म्हणाल्या.

ढुंढिराजांनी खोका काउंटरवर ठेवला. "कोणत्या दुसऱ्या काकू?"

वेदिका गडबडली. "सर, दुसऱ्या ग्राहकाची माहिती आम्हाला..."

"सांग गं," सुधाबाई म्हणाल्या. "माझीच माहिती आहे ती."

"मागच्या मंगळवारी दुपारी काकू आणि त्या काकू आल्या होत्या," वेदिका म्हणाली. "काकूंनी इथूनच मेन रोडच्या दुकानाला फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी भाव सांगितला, मी खात्री केली आणि तोच घातला. दोन मिनिटांचं काम असतं सर. बिल व्हायच्या आधी नुसता फोन चालतो. हे सगळे कागद बिल झाल्यावर लागतात."

"हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बिल झाल्यावर आलात ना सर."

ढुंढिराज सुधाबाईंकडे वळले. "मेन रोडचा भाव तुला कसा ठाऊक?"

"कुकरची रिंग आणायला गेले होते. समोर नळ टांगलेला होता. विचारला."

"मग सकाळी आपण घेताना बोलली का नाहीस?"

"बोलले होते. 'अहो, मेन रोडला' एवढं बोलले. तुम्ही म्हणालात, चारचौघांत भावाची बोलणी काढून माझी शोभा करू नकोस, तू जरा त्या कुंड्या बघून ये. मी कुंड्या बघून आले."

ढुंढिराजांनी आठवून पाहिले. नळाची लांबी, वजन, मुलाम्याची जाडी, बिलाची वेळ, सारे त्यांना आठवत होते. कुंड्या त्यांच्या निरीक्षणात नव्हत्या. पण सुधाबाई असे काही रचून सांगत नाहीत, हेही तितकेच सिद्ध होते.

"आणि हे सात दिवस?"

"सात दिवसांत तुम्ही चपलांना विचारलंत, मेथीला विचारलंत," सुधाबाई शांतपणे म्हणाल्या. "मला कुठे विचारलंत?"

"वाल्मीकराव तर म्हणाले, त्यांचं नाव सांगितलं म्हणून मिळाला."

"गोजराताईंनी सांगितलंय त्यांना तसं. बिलावर नाव घालायला त्यांचा नंबर दिला, एवढंच. त्यांना बरं वाटतं."

एक प्रश्न उरला होता. तो विचारताना ढुंढिराजांचा आवाज बत्तीस वर्षांच्या नोकरीतही कधी झाला नव्हता इतका लहान झाला. "पाण्याच्या यंत्राचंसुद्धा तू त्यांनाच विचारलंस."

सुधाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. आठवडाभरात पहिल्यांदाच पाहत असाव्यात तसे. "तुम्हाला विचारलं की चौदा मुद्दे येतात, आणि शेवटी यंत्र येतच नाही. त्यांना विचारलं की ते म्हणतात, मला काय ठाऊक, थांबा मंडळींना विचारतो. मग मी आणि गोजराताई ठरवतो." त्या वेदिकाकडे वळल्या. "आता काही होईल का गं?"

"दरपत्रक तपासायला वर पाठवावं लागेल काकू, पंधरा दिवस. त्यापेक्षा नळ परत करा, मुदतीत आहे, बसवलेला नाही. मी पूर्ण रक्कम परत घालते. मग नवीन बिल करू. त्याआधी तुम्ही फोन लावा."

सुधाबाईंनी पर्समधून मोबाइल काढला. ढुंढिराज फाईल हातात घेऊन उभे होते. तीमध्ये दोन बिले, एक दरपत्रक, एक छापील अर्ज, आणि दोन पिंजऱ्यांच्या पावत्या होत्या.

"मी जरा कुंड्या बघून येतो," ते म्हणाले.

"बघा. तुळशीला एक हवीच आहे," सुधाबाई फोन कानाला लावत म्हणाल्या. "भाव विचारू नका, मी विचारते."

कुंड्यांच्या विभागात त्या वेळी कोणी नव्हते. मागे काउंटरवर स्पीकरवरून मेन रोडच्या मालकाचा आवाज येत होता: "हां हां वहिनी, तोच भाव. लिहून देऊ का?" ढुंढिराजांनी फाईलमधला अर्ज काढून एका मोठ्या कुंडीच्या काठावर टेकवला. सगळे रकाने भरलेले होते. 'भावातील फरकाचे कारण, ज्ञात असल्यास' हा एकच मोकळा होता. त्यांनी पेन उघडले आणि त्यांच्या नेहमीच्या सरळ, सुवाच्य अक्षरांत लिहिले:

'दुपारच्या खरेदीत सौ. सुधा यांनी भाव विचारला. सकाळच्या खरेदीत त्यांना विचारू दिला नाही. इतर कोणतेही कारण आढळले नाही.'